विहिरीत धरलेलं गाणं

महाडात आम्ही चौघांनी मिळून एक संगीत मंडळ काढलं होतं. वैशाख संगीत मंडळ. नावात वैशाख घालायची सूचना माझी, आणि ती किती चुकीची होती हे पहिल्याच वर्षी कळलं. वैशाखात महाडात दोन गोष्टी होतात, ऊन आणि लग्नं, आणि दोन्हींपुढे संगीताचा टिकाव लागत नाही.

मंडळाचा उद्देश अगदी साधा होता. माईक नाही, मांडव नाही, पदकं नाहीत. चाळीस-पन्नास माणसांनी जवळजवळ बसावं, गाणारा आपल्या एकट्याशीच गातोय असं प्रत्येकाला वाटावं, आणि तीन संध्याकाळी झाल्या की मुकाट्याने आपापल्या घरी जावं. पैकी शेवटचा भाग महाडकरांना चटकन जमला. पहिल्या वर्षी ते पहिल्याच संध्याकाळी घरी गेले.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या आळीत लग्न निघालं. आमचा गवई यमन मांडत होता आणि बँडवाले सिनेमातलं काहीतरी वाजवत होते. गवई भला माणूस. त्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग बँडच्या पट्टीत आपली पट्टी मिळवून घेतली. त्या वर्षी लोकांना मनापासून आवडलेला प्रयोग तेवढाच. आमचे अध्यक्ष वकील होते. ते मध्येच उठून पंगतीला गेले, परत येऊन त्यांनी आभाराचं भाषण केलं आणि मठ्ठा राहिला होता म्हणून पुन्हा गेले.

मी तेव्हा शाळेत शिकवत होतो आणि मंडळाचा चिटणीस होतो. चिटणीस म्हणजे सतरंज्या घालणारा. आमचा तबलजी सहदेव. तो बाजारपेठेत शिंपीकाम करायचा आणि हात मोकळे असले की तबला वाजवायचा, त्यामुळे त्याच्या हाताला कधी कधी खडूचा वास यायचा. त्याचं म्हणणं, मंडळ बंद करावं आणि उरलेल्या सतरंज्यांची जाकिटं शिवावीत.

तिसऱ्या वर्षासाठी मी चार खेपा घाट चढून वाईला गेलो आणि गवई चिंतामणबुवांना गाठलं.

बुवा पन्नाशीचे. अंगाने भरलेले, बोलायला तिखट, आणि गळा असा की ऐकणाऱ्याने आपल्या सगळ्या तक्रारी थोडा वेळ बाहेर ठेवून याव्यात. पण दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात, भरल्या सभेत, त्यांचा आवाज वरच्या षड्जावर चिरला. चिरतो, कोणाचाही चिरतो. पण पहिल्या रांगेतला एक माणूस उठला, त्याला पाहून दुसरा उठला, आणि मग रांगच्या रांग. त्यांना कदाचित शेवटची गाडी गाठायची असेल. बुवांनी गाडीचा विचार केला नाही. ते घरी आले, तंबोऱ्याला कापडी गवसणी घातली आणि शिकवण्या करू लागले. तेव्हापासून चार माणसांपुढे ते गायले नव्हते.

माझं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येतो. तुम्ही इतके खेटे घातलेत म्हणून येतो. पण एक सांगून ठेवतो, मास्तर. समोरून एक माणूस उठला, एक, की मी गाणं संपवलं."

"त्या दिवशीचं?"

"नाही. माझं."

मी मान हलवली आणि घाट उतरलो. उतरताना मनाशी विचार केला. महाडात मधून कोणी उठणार नाही याची हमी मला देता येत नव्हती. महाडात कोणी बसेल याचीही नव्हती.

ही अडचण मी सहदेवच्या दुकानात सांगत होतो, तेव्हा तिथे कुशाबा बंडीचं माप द्यायला उभा होता. कुशाबा पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या करंजमाचीचा. डोंगराच्या खांद्यावर बसलेलं गाव, भाताची खाचरं, बाकी सगळा चढ. गावकीत त्याचा शब्द चालायचा. पावसाच्या आधी मीठ आणि सुकट भरून ठेवायला तो खाली उतरला होता. हात वर धरून, काखेत टेप असतानाच तो म्हणाला, "मंग वर या. वारा हाय. लगीन यंदा गावात येकबी नाय."

"लोक येतील?" मी विचारलं.

"येतील म्हंजे? घरटी एक मानूस यील."

"आणि मधून उठणार नाहीत?"

कुशाबाने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. मास्तर माणूस, शिकलेला, तरी असं विचारतो. "घरटी म्हटल्यावर उठंल कसा?"

मला वाटलं, ही त्याची बोलायची पद्धत. सहदेव म्हणाला, "हात खाली घ्या आता, झालं माप." आणि उत्सव करंजमाचीला नेण्याचं ठरलं. अध्यक्षांना चढ झेपणार नव्हता, ही त्यातली आणखी एक सोय.

*

पोलादपूरला एस.टी.तून उतरल्यावर पुढचा रस्ता पायांचा. तंबोरा हलू नये म्हणून सहदेवने तो पांढऱ्या गवसणीसकट एका बांबूला जागोजागी बांधला, शिंप्याच्या हाताने, अगदी घट्ट. कुशाबाने पाठवलेल्या दोघांनी तो खांद्यावर घेतला. डग्ग्याला घामाचा ओलावा लागू नये, धक्का बसू नये म्हणून सहदेव तो दोरीने हातात लोंबता धरून सर्वांच्या पुढे चालू लागला. मागे खाली मान घालून बुवा, कारण चढ होता, आणि त्यांच्या मागे घाम पुसत मी.

ही मिरवणूक दुरून कशी दिसत असेल याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नाही.

वाटेत लाकडं घेऊन येणाऱ्या बायका भारे उतरवून बाजूला उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्याने मुंडासं काढलं. पुढे एक माणूस बुवांच्या बरोबरीने चार पावलं चालला आणि हळू आवाजात म्हणाला, "कुठलं?"

"वाईचं," बुवा म्हणाले. धाप लागली होती.

"लांबनं आनलंत." थोडं थांबून तो म्हणाला, "तुमचं कोन?"

बुवांनी बांबूकडे पाहिलं. "तीस वर्षांची सोबत आहे."

त्या माणसाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि गावापर्यंत तो काढला नाही.

गावात पोचलो तेव्हा भैरीच्या देवळापुढे घरटी एक माणूस आधीच जमलेला होता, उघड्या डोक्याने. एकीने कडुनिंबाचा डहाळा टाकून पाण्याची घागर उंबऱ्याशी ठेवली होती. कुशाबा धावत आला आणि त्याने लोकांना समजावून सांगितलं की हे वाद्य आहे. लोकांनी ऐकून घेतलं, पण मुंडाशी लगेच घातली नाहीत. इतक्या लांबून खांद्यावरून आणलेल्या गोष्टीचा मान ठेवायचा तो त्यांनी ठेवला. बुवांना सगळं कळलं तेव्हा ते कितीतरी वेळ हसत होते. वाई सोडल्यापासून ते पहिल्यांदा हसले.

*

पहिल्या दिवशी दिवेलागणीला गाणं सुरू झालं. देवळाचा सभामंडप नुकताच सारवलेला होता. एक गॅसबत्ती होती, ती कुशाबाने स्वतः पेटवली. माणसं रांगेने येऊन बसली, सगळी आंघोळ करून आलेली. एकजण कुदळ घेऊन आला होता, ती त्याने खांबाला टेकवून ठेवली. सवयीने आणली असेल, असं मी समजलो.

बुवांनी डोळे मिटले आणि सूर लावला.

मी पुष्कळ मैफिली पाहिल्या आहेत. लोक मान हलवतात, हात उडवतात, चुकीच्या जागी वाहवा म्हणतात आणि मग शेजाऱ्याकडे बघतात. इथे काही नाही. गुडघे जवळ घेऊन सगळी माणसं समोर बघत होती. कोणी खोकलं नाही. कोणी तंबाखू मळली नाही. एकाच्या कानावर माशी बसली होती, ती सुद्धा बसून राहिली.

आलाप वर चढत गेला. सहदेवचा ठेका बारीक झाला. मला माहीत होतं आता काय येणार, आणि बुवांनाही. वरच्या षड्जावर आवाज पोचला आणि चिरला.

बुवांनी डोळे उघडले. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, मग दुसऱ्या. मला तंबोऱ्यावरची त्यांची बोटं दिसत होती. ती थांबली नव्हती, पण थांबायच्या तयारीत होती.

कोणी हललं नाही. एकही माणूस नाही. सगळे तसेच समोर बघत होते, जणू षड्ज चिरला तर चिरला, विहिरीच्या कडेचा दगड निसटतो तसा निसटला, परत लावायचा असतो.

बुवांनी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा खालून निघाले, आणि ह्या खेपेला तो सूर लागला. लांब लागला. देवळाच्या कौलांवर कबुतरं होती, ती उठली. कबुतरांना अट लागू नव्हती.

गाणं संपल्यावर बुवा देवळामागच्या दगडी कट्ट्यावर बसले. त्यांचे डोळे ओले होते. "मास्तर, वाहवा करणारे मी खूप पाहिले," ते म्हणाले. "श्वास धरून ऐकणारे आज पाहिले."

"श्वास धरला होता खरा," सहदेव तबल्याला कापड गुंडाळत म्हणाला. "शेवटी उठताना सगळ्यांचे गुडघे एकदम वाजले. समेवर वाजले."

कुशाबाच्या घरी जेवायला गेलो. त्याची बायको आवडी, बोलकी बाई. भाकरी वाढता वाढता तिने विचारलं, "मास्तर, आज काय काय गायलं?"

मी म्हटलं, "कुशाबांनी ऐकलंय की सगळं."

"त्यांना इचारलं. म्हनतात, मोठं व्हतं."

"लांब व्हतं," कुशाबा म्हणाला. "पन मोठंबी व्हतं."

*

दुसऱ्या दिवशी बुवांनी मारवा घेतला. आता ते निराळेच गवई होते. मांडी घालून ऐसपैस बसले होते, मध्येच सहदेवकडे बघून हसत होते. समोर कालचीच माणसं, कालच्याच जागांवर.

खांबाशी भिकू बसला होता. कालची कुदळ त्याचीच. आज तो सारखा चुळबुळत होता. देवळाच्या खालच्या अंगाला त्याचा गोठा, आणि तिथून अधूनमधून म्हैस ओरडत होती. पहिल्यांदा ओरडली तेव्हा भिकूने कुशाबाकडे पाहिलं. कुशाबाने समोर पाहिलं. दुसऱ्यांदा ओरडली तेव्हा भिकूने देवाकडे पाहिलं. देवही समोर बघत होता. तिसऱ्यांदा ती अशी काही ओरडली की बुवांच्या गंधारालाही धक्का बसला, आणि भिकू उठला.

कंबरेत वाकून, वहाणा हातात घेऊन, भिंतीकडेने तो निघाला.

बुवांनी पाहिलं. तान अर्ध्यावर तुटली. सहदेवने एक आवर्तन पुरं केलं, कापड बेतल्यावर कात्री मध्येच थांबवत नाहीत तसं, आणि मग त्यानेही हात उचलले. बुवांचा हात बाजूला पडलेल्या गवसणीकडे गेला.

तेवढ्यात भिकूचा धाकटा भाऊ चांगू दाराशी आला. चढ पळत आल्याने त्याला दम लागला होता. त्याने देवाला हात जोडले, माणसांमधून वाट काढली आणि भिकूच्या रिकाम्या जागेवर, अगदी त्याच जागेवर, भिकूसारखाच गुडघे जवळ घेऊन बसला. मग कुशाबाकडे बघून म्हणाला, "म्या आलो. म्हस आडलीय, तो तिकडं गेलाय. आमचं घर भरलं."

"भरलं," कुशाबा म्हणाला. "चालू द्या, बुवा."

बुवा म्हणाले, "घर भरलं म्हणजे?"

कुशाबाने नीट सांगितलं. यात लपवायचं काय आहे असं त्याला वाटत होतं, म्हणून अगदी सविस्तर सांगितलं. गावकीने ठराव केला होता. तीन दिवस घरटी एक माणूस गाण्याला. हलायचं नाही, बोलायचं नाही, उठायचं नाही, मास्तरांनी तसं सांगितलंय. अडचण आली तर बदली माणूस द्यायचा. ज्या घरचा माणूस येणार नाही त्या घरचा देवाच्या जेवणाचा वाटा बंद.

बुवांनी सगळं ऐकलं. तंबोऱ्याला गवसणी घातली, नाडी बांधली, आणि उठून बाहेर गेले.

मी मागोमाग गेलो. ते देवळाशेजारच्या विहिरीच्या काठावर बसले होते. विहिरीचा गाळ नुकताच काढलेला, तळाशी थोडं स्वच्छ पाणी.

"वेठीला धरलेली माणसं, मास्तर," ते म्हणाले. "आणि मी काल त्यांच्याकडे बघून रडायचा बाकी राहिलो होतो."

सहदेव मागून आला आणि काठावर बसला.

"सकाळी उतरू," बुवा म्हणाले.

*

सकाळी आम्ही तंबोरा बांबूला बांधत होतो तेव्हा पहिल्यांदा भिकू आला. रात्रभर जागलेला, अंगाला गोठ्याचा वास. तो बुवांपुढे उभा राहिला.

"म्या उठलो त्येचं मनाला लावून घेऊ नका."

बुवांना त्याच्यावर रागवायचं होतं. तोंड तसं केलंही होतं. पण ते म्हणाले, "म्हैस कशी आहे?"

"सुटली. रेडी झाली."

"दोघी बऱ्या आहेत?"

"हायत."

"मग बरं," बुवा म्हणाले, आणि नाडीची गाठ मारता मारता थांबले.

मागून कुशाबा आणि गावकीची चार माणसं आली. आम्ही निघालो हे त्यांना कळलं होतं, का निघालो ते कळत नव्हतं. कुशाबा उकिडवा बसला.

"बुवा, काय चुकलं आमचं? येक मानूस उठला, तर त्याची बदली दिली."

"माणसं हौसेने यावीत, कुशाबा," बुवा म्हणाले. "हुकूम करून बसवलेली नकोत मला."

"हौसेनं?" कुशाबाने मागच्या माणसांकडे पाहिलं. "हौसेनं येनारं मानूस उठून जातं, बुवा. हौस सरली की उठला. डोंबारी येतो, खेळवाला येतो, त्याला घरटी नसतं. आला तो आला, गेला तो गेला. त्येला कोन इचारतो."

"मग मलाच का घरटी?"

"आता बगा. घरटी मानूस कशाला निघतो? इहिरीचा गाळ काढायला. पालखीला. कोनी गेला तर खांदा द्यायला. बास. दुसऱ्या कशाला गावकी घरटी लावत नाय. मास्तरांचा सांगावा आला तवा गावकी बसली, की ह्ये गानं कशात धरायचं. ह्यो हरिबा म्हनला, खेळात धरा."

हरिबा नावाच्या म्हाताऱ्याने मान खाली घातली. "मला म्हाईत नव्हतं," तो म्हणाला. "तवा ऐकलं नव्हतं."

"पालखीत धरावं तर देव न्हाई. मयतात धरावं तर," कुशाबा थांबला, "त्ये पयल्या दिशी जवळजवळ धरलंच व्हतं. मंग ठरलं, इहिरीत धरा. मानूस लांबनं येतोय, गळा खोल हाय म्हनतात, सगळ्या गावाला पुरंल. इहिरीत धरलं."

बुवांनी आपल्या आयुष्यात पुष्कळ मानपत्रं घेतली असतील, चंदनाच्या पेटीतली, चांदीच्या नळीतली. त्यातलं एकही ऐकताना त्यांचा चेहरा असा झाला नसेल.

मग ते म्हणाले, "विहिरीत धरलंत ते मोठं केलंत. पण आज मला सोडवा."

"सोडवायचं म्हंजे?"

"आज घरटी नको. बदली नको, वाटा बंद नको. ज्याला यायचं तो येईल."

कुशाबा घोटाळला. "मंग कोन यील त्येची हमी नाय."

"नको हमी," बुवा म्हणाले.

सहदेवने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. हमीशिवाय गायला तयार नसलेला माणूस हमी नको म्हणत होता. आम्ही तंबोरा मुकाट्याने बांबूवरून सोडला.

*

तिसऱ्या संध्याकाळी बुवा लवकर येऊन बसले. गॅसबत्ती लागली. तंबोरा जुळला. सभामंडप रिकामा होता.

बुवांनी तंबोरा पुन्हा जुळवला. तो जुळलेलाच होता. सहदेवने तबल्यावर हातोडी मारली, तबलाही जुळलेलाच होता. मी सतरंजीची कड सरळ केली. कुशाबा दाराशी उभा होता, तो आमच्याकडे बघायला तयार नव्हता. गावकीचा हुकूम नसताना त्यालाही कुठे बसावं ते कळत नव्हतं.

मग बाहेर बांगड्या वाजल्या.

आवडी आत आली. तिच्या मागून राहीबाई, मग चंद्रभागा, मग बायकांची रीघच लागली. पदर खोचलेले, कोणाच्या हाताला अजून भाकरीचं पीठ. त्या सरळ पुढे येऊन, जिथे दोन दिवस पुरुष बसत होते तिथे, बुवांच्या गुडघ्यापर्यंत सरकून बसल्या.

"घरटी एक म्हटलं की बाप्याच निघतो," आवडी नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आन घरी येऊन सांगतो काय, तर मोठं व्हतं."

राहीबाई एकटी राहणारी, म्हातारी. तिची तक्रार निराळी. "माझ्या घरात बाप्या नाय म्हनून मला गावकीनं सोडलंय. इहिरीला सोडतात, बरं करतात. गान्याला सोडायला म्या काय पाप केलं?"

"आजी, या, पुढे या," बुवा म्हणाले.

पुरुष आले, पण निम्मेच. बाकीचे नदीला मासे धरायला गेले, आणि मोकळ्या मनाने गेले. खोटं कशाला सांगू. आलेले मागे बसले आणि आज ऐसपैस बसले. तंबाखूच्या डब्या निघाल्या. हरिबा खांबाला टेकला आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याने डोळे मिटले.

बुवा गाऊ लागले. आणि दोन दिवसांची ती शांतता आज कुठेच नव्हती. बायका आपसात बोलत होत्या, पण गाण्याबद्दलच बोलत होत्या. "आता खाली आलं." "परत चढतंय बग." "त्यो तबल्यावाला लई मागं लागलाय त्येच्या." सहदेवने हे ऐकलं आणि त्याच्या कानापर्यंत लाली चढली. बुवा एका जागेवर घुटमळले, सोडली, परत आले, तेव्हा चंद्रभागा म्हणाली, "काहीतरी इसरलंय त्येचं तिथं," आणि बुवांनी मान डोलावून तिला दाद दिली. गवयाने श्रोत्याला दाद दिलेली मी तेव्हाच पाहिली.

मग आलाप वर निघाला. एकेक स्वर ठेवत, थांबत. बायका गप्प झाल्या. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाईकडे बघावं तशा त्या बघत होत्या, आणि अगदी शेवटच्या पायरीला राहीबाई पुटपुटली, "जपून रे बाबा."

बुवांना हसू आलं. ते हसू गळ्यात घेऊनच ते वरच्या षड्जावर पोचले. आवाज जरासा खरखरला, आणि मग उघडला.

नेमका त्याच वेळी मागे भिकू उठला.

ह्या खेपेला सगळ्यांनीच मागे पाहिलं. कुशाबाचा हात अर्धा वर झाला. भिकू उभ्या जागी गारठला, एका हातात वहाणा. गोठ्यातून रेडीचा बारीक आवाज येत होता.

बुवांनी षड्ज सोडला नाही. तंबोऱ्यावरचा हात चालू ठेवून त्यांनी दुसरा हात भिकूकडे केला आणि दाराकडे हलवला. जा, बघून ये. आणि तो सूर त्यांनी भिकू दाराबाहेर पडेपर्यंत धरून ठेवला, अंधारात त्याच्या पायापुढे बत्ती धरावी तसा. मग सावकाश खाली आले, समेवर, आणि सहदेवने ती अशी दिली की शिवण कुठे आहे ते दिसू नये.

भिकू परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर पातेलं होतं. पहिल्या चिकाचा खरवस, गूळ घालून वाफवलेला, अजून गरम. करंजाच्या पानावर पहिला वाटा त्याने देवापुढे ठेवला, दुसरा बुवांपुढे.

बुवांनी गाणं थांबवलं आणि खाल्ला. "वेलदोडा कोणी घातला?" त्यांनी विचारलं.

"आमच्या आईनं," भिकू म्हणाला. "म्हनली, मानूस वाईचा हाय."

मग मी उठलो. चिटणीस या नात्याने आभाराचं भाषण माझ्याकडे होतं आणि दोन दिवस मी ते मनात घोळवत होतो. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "करंजमाचीच्या ग्रामस्थांनो."

ग्रामस्थ उठले आणि घरी गेले.

*

पुढच्या वैशाखात पोलादपूरहून घाट चढणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडून वाईला निरोप गेला. निरोप कुशाबाचा होता आणि त्यात गाण्याचा शब्द नव्हता. विहीर उपसायला काढली आहे, तुमच्या घरातनं कोण येणार, एवढंच त्याने विचारलं होतं.

बुवा आले. सहदेवला आणि मला वाटलं होतं, त्यांना सावलीत बसवून सरबत देतील. तसं काही झालं नाही. गावकीने त्यांचं घर धरलं होतं आणि घरटी माणूस म्हणजे माणूस. फक्त हरिबा म्हणाला, "गळ्याचं मानूस हाय, खाली गारव्यात उतरवू नका," म्हणून त्यांना वरच्या कडेला उभं केलं. दिवसभर ते गाळाची घमेली पुढे देत होते, भिकूकडून घेऊन चांगूकडे. संध्याकाळी देवाच्या जेवणाचे वाटे झाले तेव्हा एक वाटा बाजूला निघाला आणि कुशाबाने तो हातात देताना, इतर घरांची नावं घेतली त्याच आवाजात, नाव घेतलं: "बुवाचं घर."

मग दिवेलागणीला ते गायले. चिखलाने हात फुटले होते, तंबोऱ्याच्या तारा बोचत होत्या. माणसं आली, काही उठून गेली, काही परत आली. बुवांनी मोजली नाहीत.

वैशाख संगीत मंडळ पुन्हा महाडात उतरलं नाही. बुवांचा गळा होता तोवर ते दर वर्षी वर आले, आणि गळा गेल्यावरही चार वर्षं आले, विहिरीसाठी. सहदेवने सतरंज्यांची जाकिटं शिवली नाहीत. मी मात्र दर वर्षी शेवटच्या संध्याकाळी आभार मानायला उठत राहिलो, आणि मी उठलो की गाव उठायचं. आवडी जाता जाता म्हणायची, "मास्तर, बसा, दमला असाल."

आभाराचं ते भाषण राहून गेलं होतं. ते हे.